13 ऑक्टोबरच्या आत कॉम्प्युटर सोडवून घ्या

देऊळगाव राजा शहरातल्या आणि तालुक्यातल्या मायबापहो,

यंदा 11 ऑक्टोबरला घट बसतील. बालाजीच्या यात्रेची लगबग सुरू होईल. पुण्या-मुंबईकडची लेकरं गावी यायची तिकिटं काढतील. आणि त्याच गडबडीत, 13 ऑक्टोबर 2026 ला, आपल्या घरांतल्या, दुकानांतल्या आणि शाळांतल्या कितीतरी कॉम्प्युटरांची राखण उठेल. दवंडी कुणी पिटणार नाही. मशीन दुसऱ्या दिवशीही नेहमीसारखंच चालू होईल. म्हणूनच ही गोष्ट आत्ता तुमच्या कानावर घालतो आहे.

झालं असं. विंडोज 10 मायक्रोसॉफ्ट कंपनीने 2015 च्या जुलैत आणली. 14 ऑक्टोबर 2025 ला कंपनीने तिच्या नेहमीच्या दुरुस्त्या थांबवल्या. दुरुस्ती म्हणजे ते अपडेट, जे आल्यावर आपण वैतागतो. चोराला आत शिरायला सापडलेली फट बुजवायचं काम तेच करतं. घरगुती वापरणाऱ्यांपैकी ज्यांनी नाव नोंदवलं, त्यांना एक वर्ष वाढवून मिळालं. ते वर्ष आता संपतंय. धंद्याच्या मशीनला पुढची मुदत विकत घ्यावी लागते. पहिल्या वर्षी मशीनमागे 61 डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट. शाळांना ती स्वस्तात आहे. पण यातलं काहीही मिळायचं तर मुळात विंडोज रीतसर घेतलेली हवी.

तुमची आहे का? मनाशीच उत्तर द्या. आपल्याकडे विंडोज घेत नाहीत, 'विंडो मारून' घेतात. दोन-तीनशे रुपयांत दुकानदार क्रॅक टाकून देतो, आपण मशीन पिशवीत घालून घरी येतो. त्या क्रॅकसोबत आणखी काय आत आलं, हे दुकानदारालाही माहीत नसतं.

मग विंडोज 11 टाकू, असं म्हणाल. बहुतेक जुन्या मशीनवर ती रीतसर बसतच नाही. तिला टीपीएम 2.0 नावाची सोय लागते, इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे साधारण 2018 च्या आधी घेतलेलं मशीन ती दारातूनच परत पाठवते. त्या मशीनमध्ये बिघाड काही नाही. पडदा चालतो, कीबोर्ड चालतो, पोरगी त्यावर अजून दहावीचा प्रकल्प टाइप करते. फक्त कंपनीने हात वर केलेत.

तर पहिलं काम आजच करा. सेटिंग्ज उघडा, सिस्टममध्ये जा, खाली अबाउट आहे, ते वाचा. विंडोज 10 दिसली, तर हा मजकूर तुमच्यासाठी आहे. मशीनवर अजून विंडोज 7 असेल, तर तुम्ही आधीच उघड्यावर आहात. तिच्या मोफत दुरुस्त्या 2020 च्या जानेवारीतच थांबल्या. आणि हात जोडून सांगतो, मशीन भंगारात देऊ नका. दुकानदार म्हणेल, आता नवीनच घ्या. त्याचं ऐकण्याआधी हे पूर्ण वाचा.

धोका नेमका कुणाला, ते जवळून बघू. बसस्टँडजवळचं कुठलंही ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान डोळ्यांपुढे आणा. दुकानाचं नाव घेत नाही, कारण चित्र सगळीकडे एकच आहे. त्याच्या कॉम्प्युटरचं डाउनलोड फोल्डर उघडा. वरून खाली सरकत जा. कुणाचा सातबारा. कुणाचं आधार, दोन्ही बाजूंनी स्कॅन केलेलं. पीक विम्याची पावती. बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. बारावीच्या मुलीचा फोटो आणि सही. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, विधवा पेन्शनचा अर्ज. घाईघाईत पुसायचं राहून गेलेलं अख्खं गाव त्या एका फोल्डरात पडलेलं असतं. दुकानदार वाईट नाही, त्याला वेळ नाही. आणि मागचा पेनड्राइव्ह कुठून आला, पुढचा कुठे जाणार, याचा हिशेब कुणाकडेच नाही.

अशा मशीनची राखण उठली की काय होतं, हे 2017 साली जगाने बघितलं. मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम सुटला. त्याची फट बुजवणारी दुरुस्ती कंपनीने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या फायली कुलूपबंद झाल्या. इंग्लंडातले दवाखाने अडले, आंध्र प्रदेश पोलिसांचे कॉम्प्युटर अडले. पुढच्याच महिन्यात तसाच दुसरा हल्ला झाला आणि उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. त्या वेळी निदान दुरुस्ती हाताशी होती. 13 ऑक्टोबरनंतर आपल्यातल्या बहुतेकांसाठी ती येणारच नाही.

म्हणून दुकानदार भावांनो, आज रात्री शटर ओढायच्या आधी दहा मिनिटं काढा. गिऱ्हाइकाची कागदं पुसा. रिसायकल बिनसुद्धा रिकामं करा. आणि गिऱ्हाईक म्हणून तुम्ही जाल, तेव्हा फॉर्म भरून झाला की उठू नका. म्हणा, दादा, माझी कागदं माझ्यासमोर पुसून टाका. यात संकोच कसला?

पण पुसापुशीने फार तर आठवडा निभेल. खरा उपाय दुसरा आहे, आणि तो फुकट आहे. फुकट म्हटलं की आपल्या भुवया उंचावतात, ते बरोबरच आहे. म्हणून नीट सांगतो, आधी बियाण्याच्या उदाहरणाने.

आपला तालुका आणि शेजारचा सिंदखेड राजा शेडनेटमधल्या भाजीपाला बीजोत्पादनासाठी ओळखला जातो. तुमच्यातल्या कितीतरी घरांत सीड प्लॉट आहे. कंपनी नर-मादीचं बियाणं देते. आपल्या बाया कळीतले पुंकेसर चिमट्याने काढतात, दुसऱ्या नराचे पराग लावतात, एकेका फुलाला दोरा बांधतात. तयार बी कंपनी घेऊन जाते. ज्या बोटांनी ते घडवलं, त्यांनाच पुढच्या हंगामात ते पाकिटातून विकत घ्यावं लागतं. आजीने मडक्यात राखेत घालून ठेवलेलं गावरान बियाणं मात्र तसं नव्हतं. ते पेरा, राखून ठेवा, शेजारणीला ओंजळभर द्या, चांगली कणसं निवडून सुधारा, विचारणारं कुणी नव्हतं. सॉफ्टवेअरमध्येही हे दोन प्रकार आहेत. कंपनीचं सॉफ्टवेअर तुम्ही पैसे मोजूनही फक्त वापरायला घेता. आत काय आहे ते बघता येत नाही, बदलता येत नाही, शेजाऱ्याला देता येत नाही. मुक्त सॉफ्टवेअर, ज्याला ओपन सोर्स म्हणतात, ते घरच्या बियाण्याच्या जातीचं. त्याचा परवानाच लिहून देतो की वापरा, उघडून बघा, बदला, वाटा.

ही कल्पना कुणा व्यापाऱ्याची नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर होता. तिथल्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. दुरुस्त करायला तो तयार होता, पण त्या प्रिंटरचा प्रोग्रॅम त्याला बघूच दिला नाही. 1983 साली त्याने मुक्त प्रणालीचं काम जाहीर केलं. 1991 मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला, तोच लिनक्स. आज जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक लिनक्सवर चालतात. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनही त्याच गाभ्यावर चालतो. म्हणजे तुम्ही लिनक्स रोज वापरता, फक्त कुणी सांगितलं नाही.

इतकं लांब तरी कशाला जायचं? ई-कोर्ट प्रकल्पात देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबंटू ही लिनक्सचीच जात निवडली गेली. वावराच्या बांधावरून तुमचा भावकीत दावा चालू असेल, तर त्याची पुढची तारीख ज्या सीआयएस प्रणालीतून निघते, ती एनआयसी या सरकारी संस्थेच्या पुणे केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरवर बांधली. न्यायाधीशांना चालतं, ते आपल्या किराणा दुकानाला का चालू नये?

मग करायचं काय? आधी फायली वाचवा. लग्नाचे फोटो, मुलांचे दाखले, दुकानाचा हिशेब, सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. दोन ठिकाणी ठेवा. हे केल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका. नंतर आठ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह घ्या. त्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू उतरवून घ्या. सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस नावाची भारतीय प्रणालीही आहे, तिच्यात मराठी आहे. त्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा. यातली खुबी अशी की काहीही न पुसता, विंडोजला हातही न लावता, तुम्हाला नवीन प्रणाली चालवून बघता येते. वायफाय लागतंय का बघा. प्रिंट निघते का बघा. एखादं मराठी पत्र टाइप करा. आवडलं तर ठेवा, नाही तर पेनड्राइव्ह काढून घ्या, मशीन होतं तसं आहे. मिंटला चार जीबी रॅम पुरते. जमलं तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. ज्या मशीनला भंगारवाला वजनावर मोजणार होता, ते आणखी काही वर्षं पोरांच्या कामी येईल.

एक गोष्ट लपवत नाही. सगळंच चालेल असं नाही. टॅली विंडोजवरची आहे. कोरल ड्रॉवर पत्रिका करणाऱ्यांना त्याच्या जागी इंकस्केप हे मुक्त सॉफ्टवेअर हाताला बसेपर्यंत त्रास होईल. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा टोकन, हे आधी तपासा. ज्या दुकानात यातलं काही लागतं, तिथे एक मशीन रीतसर विंडोज 11 चं ठेवा आणि बाकीची सोडवा. सगळी एकाच दिवशी बदला, असं मी म्हणणार नाही. एक बदला. पण बदला.

आता कंपनीवर विसंबण्याचा दुसरा धोका. जुलै 2025 मध्ये मुंबईतून कारभार चालणाऱ्या नायरा एनर्जी या तेल कंपनीची ईमेल आणि इतर सेवा मायक्रोसॉफ्टने एकाएकी बंद केल्या. कारण युरोपीय महासंघाने नायरावर निर्बंध लावले होते. भारताच्या कायद्याने काही घडलं नव्हतं. परवान्याचे पैसे पूर्ण भरलेत, असं नायराने सांगितलं. स्वतःचीच माहिती स्वतःला उघडता येईना. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि मग काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. देशभर हजारो पेट्रोल पंप असलेल्या कंपनीची ही गत. तिच्याकडे वकील होते. आपल्या पतसंस्थेकडे, बचत गटाकडे, ग्रामपंचायतीकडे कोण आहे?

आणि आपला स्वतःचा अनुभव विसरू नका. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवरची 2005-06 सालची एखादी मराठी फाईल आज उघडून बघा. ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, आकड्यांचा चुराडा दिसेल. कारण ती फाईल एखाद्या विकतच्या फॉन्टमध्ये लिहिली होती. तो फॉन्ट गेला, मशीनला लावायचं त्याचं कुलूप हरवलं, आणि गावाचा ठराव स्वतःच्याच भाषेत मुका झाला. मराठी तीच, अक्षरं तीच, किल्ली मात्र दुसऱ्याकडे. माझं मत विचाराल तर एका पिढीची मराठी कागदपत्रं आपण अशी घालवली, आणि त्याची कुठे नोंदही नाही.

हे पुन्हा होऊ देऊ नका. मराठी लिहाल ती युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या पद्धतीनेच लिहा. मुक्ता, लोहित असे सुंदर मुक्त फॉन्ट आहेत, ते पत्रिकेलाही शोभतात. इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आधीच असतो, फक्त सुरू करायचा. लिब्रे ऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पत्र लिहा, हिशेब मांडा. वर्डच्या फायलीही त्यात उघडतात. एखादी ओळ इकडेतिकडे सरकेल, ती सरळ करा. पण जपून ठेवायचा कागद खुल्या स्वरूपात ठेवा, म्हणजे वीस वर्षांनी तुमच्या नातवाला तो वाचायला कुठल्या कंपनीच्या दारात उभं राहावं लागणार नाही.

आता सगळ्यांत मोठी गोष्ट. शाळा.

आपलं लेकरू शाळेत आणि नंतर क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकतं, म्हणजे काय शिकतं? वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. एमएस-सीआयटी 2001 पासून गावोगावी आहे, तिने खेड्यातल्या पोरांच्या हाती माऊस दिला, हे उपकार मानलेच पाहिजेत. पण कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि लिहिणं म्हणजे वर्ड, हे समीकरणही त्याच काळात आपल्या डोक्यात पक्कं झालं. कुठलं बटण दाबायचं हे लेकरू शिकतं. आत काय चाललंय हे विचारायची सोय नसते, कारण झाकण उघडतच नाही. पोरगं हुशार असेल तर त्याला तेच उघडून बघायचं असतं.

केरळने काय केलं बघा. तिथल्या सरकारने आयटी अॅट स्कूल प्रकल्प सुरू केला आणि काही वर्षांत सरकारी शाळा पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर आणल्या. दहावीची कॉम्प्युटरची प्रात्यक्षिक परीक्षा तिथली मुलं लिनक्सवर देतात. त्यांच्या काइट या संस्थेने शाळांतल्या दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटरांसाठी स्वतःची प्रणाली बांधली, मल्याळमसकट. ती मुलं पुढे मागे पडली का? आपल्याकडेही 2007 साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट गावच्या एकशिक्षकी शाळेत मुलांच्या हाती छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. ते लिनक्सवरच चालत होते. कर्जतच्या डोंगरातल्या वाडीला जमलं, ते देऊळगाव राजाला का जमू नये?

पालकहो, इथे तुमच्या हातात खरी ताकद आहे आणि ती वापरायचं बहुधा राहून जातं. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे बहुमत तुमचं आहे. पुढच्या बैठकीला जा. विचारा, आपल्या शाळेत किती मशीन आहेत, किती चालू आहेत, त्यात कोणती विंडोज आहे, ती रीतसर आहे का. कपाटात कापड झाकून ठेवलेली मशीन बाहेर काढायला सांगा. निदान एका मशीनवर लिनक्स टाका आणि लेकरांना मोकळं सोडा. टक्स पेंट आणि जीकॉम्प्रिस हे लेकरांसाठीचे प्रोग्रॅम उघडून द्या, पहिली-दुसरीची मुलं जागची उठणार नाहीत. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडा की ग्रामपंचायतीचे मराठी कागद यापुढे युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपात ठेवले जातील. शहरात असाल तर नगर परिषदेला अर्ज द्या. केंद्र सरकारने 2015 सालीच आपल्या कार्यालयांसाठी मुक्त सॉफ्टवेअरला पसंती देणारं धोरण जाहीर केलंय, त्याचा दाखला अर्जात लिहा. अर्ज एकाने नाही, दहा जणांनी द्या.

शिकवणार कोण, ही तुमची शंका खरी आहे. जर्मनीतल्या म्युनिक शहराने 2003 मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, पुढे हजारो मशीन बदलली, आणि 2017 मध्ये तिथल्याच नगरसभेने परत विंडोजकडे जायचा ठराव केला. उत्साहाने सुरुवात होते, मागे सांभाळणारा लागतो. आपल्याकडे तो माणूस उभा करावा लागेल, आणि त्यासाठी साधन तयार आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि लिब्रे ऑफिसचे धडे मराठी आवाजात, फुकट ठेवलेत. एकेक धडा थोडक्या मिनिटांचा आहे. मुलगी फोनवर ऐकेल, वडील मशीनवर करतील. शिक्षकांनो, सुट्टीतल्या एका दुपारी तुम्ही चार जण एकत्र बसून तो बघा.

दुरुस्तीच्या दुकानातल्या भावांनो, तुम्हालाही वेगळं सांगतो. विंडो मारून मिळतात तेवढेच पैसे लिनक्स बसवायचेही घ्या. मेहनतीचे पैसे घेणं रास्त आहे, परवाना त्याला आडकाठी करत नाही. फरक इतकाच की गिऱ्हाइकाच्या घरी चोरीचा माल जाणार नाही आणि महिन्याभराने ते व्हायरसची तक्रार घेऊन परत येणार नाही.

आणि बाहेरगावी इंजिनिअरिंगला, नोकरीला गेलेल्या पोरापोरींनो, हे सगळं तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं कळतं. तुमच्या कंपनीचे सर्व्हर लिनक्सवर चालतात, तुम्ही दिवसभर त्यावर काम करता, आणि घरी आईच्या मशीनवर क्रॅक केलेली विंडोज आहे. दसऱ्याची वाट बघू नका. त्याआधी एखाद्या शनिवारी या. येताना दोन पेनड्राइव्ह तयार करून आणा. पहिला स्वतःच्या घरी लावा. दुसरा घेऊन तुम्ही ज्या शाळेत शिकलात त्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा आणि सांगा, सर, एक मशीन द्या, संध्याकाळपर्यंत चालू करून देतो.